उजवीकडची धावपट्टी कोणती?

७ जुलै २०१७. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर रात्रीचे बारा वाजायला चार मिनिटं कमी होती. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ७५९ क्रमांकाचं विमान उतरत होतं. एअरबस ए३२०, आत १३५ प्रवासी आणि ५ कर्मचारी. हवा स्वच्छ होती, विमानात कसलाही बिघाड नव्हता, नियंत्रण कक्षाने उतरायची परवानगी दिलेली होती. तरीही विमान धावपट्टीकडे जात नव्हतं. ते निघालं होतं धावपट्टीला समांतर असलेल्या टॅक्सीवेकडे, म्हणजे विमानं ज्या रस्त्याने जमिनीवरून ये-जा करतात त्या रस्त्याकडे. आणि त्या रस्त्यावर उड्डाणाची वाट पाहत चार भरलेली विमानं एकामागे एक उभी होती.

रांगेत पुढे असलेल्या विमानाच्या वैमानिकाला समोरचे दिवे सरळ आपल्यावर येताना दिसले. हा कुठे चाललाय, असं त्याने रेडिओवर विचारलं आणि पाठोपाठ सांगितलं, तो टॅक्सीवेवर आहे. त्याच्या मागच्या विमानाने आपले प्रखर लँडिंग लाइट लावले, निदान आपण इथे आहोत हे तरी दिसावं म्हणून. एअर कॅनडाच्या वैमानिकांनी इंजिनांना जोर देऊन विमान वर उचललं, पण तोवर ते जमिनीपासून ६० फुटांवर आलं होतं. खाली उभ्या असलेल्या एअरबस ए३४०च्या शेपटीची उंचीच ५५ फुटांच्या आसपास असते.

पुढच्या फेरीत विमान नीट उतरलं. कोणाला खरचटलंही नाही. त्यामुळे अशा घटना बातमीत दोन ओळींत संपतात आणि वाचणारा म्हणतो, एवढी मोठी धावपट्टी दिसली नाही म्हणजे काय! या वैमानिकांपैकी कॅप्टनच्या नावावर २० हजार तासांहून जास्त उड्डाण होतं, सहवैमानिकाच्या नावावर सुमारे १० हजार. निष्काळजीपणा हा शब्द इथे पुरत नाही. त्यांना जे दिसलं ते त्या रात्री त्या जागी दिसण्यासारखंच होतं, आणि ते कसं हे समजून घ्यायचं तर आधी धावपट्टी ओळखतात कशी तिथून सुरुवात करावी लागते.

आकडा, रंग आणि रेडिओची रेषा

प्रत्येक धावपट्टीच्या टोकावर एक मोठा आकडा रंगवलेला असतो. तो धावपट्टीचा अनुक्रमांक नसतो, दिशा असते. होकायंत्रावर उत्तर म्हणजे ३६० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. धावपट्टी ज्या दिशेला तोंड करून आहे ती दिशा जवळच्या दहा अंशांपर्यंत घ्यायची आणि शेवटचं शून्य सोडून द्यायचं. २८० अंशांच्या आसपासची धावपट्टी २८. तीच पट्टी उलट्या टोकाने वापरली की १०, कारण दिशा बरोबर १८० अंशांनी बदलते. पृथ्वीचं चुंबकीय उत्तर हळूहळू सरकतं, म्हणून जागची न हललेली धावपट्टीही कधीकधी नवं नाव घेते. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरची ०५–२३ ही धावपट्टी २००९मध्ये ०४–२२ झाली.

मोठ्या विमानतळांवर एकाच दिशेला दोन धावपट्ट्या असतात. मग त्यांना डावी आणि उजवी म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत २८ डावी आणि २८ उजवी अशा दोन पट्ट्या आहेत, आणि दोघींच्या मध्यरेषांत अंतर आहे फक्त ७५० फूट, म्हणजे साधारण २३० मीटर. एकीकडून उजवी असलेली पट्टी दुसरीकडून येताना डावी होते, हे वेगळंच. अटलांटा विमानतळावर तर पाच समांतर धावपट्ट्या आहेत. पाचही एकाच दिशेला, पण गोंधळ नको म्हणून त्यांना ८, ९ आणि १० असे वेगवेगळे आकडे वाटून दिले आहेत.

आता एक अडचण. रंगवलेला आकडा रात्री लांबून दिसत नाही. रात्री विमानतळ म्हणजे काळोखात मांडलेले दिवे. त्या दिव्यांचीही एक भाषा आहे: धावपट्टीच्या कडांना पांढरे दिवे, सुरुवातीच्या उंबऱ्यावर हिरवे, शेवटाला लाल. टॅक्सीवेच्या कडांना निळे दिवे आणि मधोमध हिरवे. धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक ओळ असते. दोन लाल, दोन पांढरे दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर, सगळे पांढरे म्हणजे आपण फार वर आहोत, सगळे लाल म्हणजे फार खाली. टॅक्सीवेला अशी ओळ नसते. वाचताना वाटतं की इतका फरक असल्यावर कोण चुकेल? पण तिरक्या कोनातून, ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने येताना रंग एकमेकांत मिसळतात, आणि जी खूण असायला हवी होती ती नाही हे लक्षात येणं फार अवघड असतं. असलेली गोष्ट डोळ्यांत भरते, नसलेली भरत नाही.

म्हणूनच डोळ्यांवर न विसंबणारी एक सोय विमानात असते, आयएलएस. धावपट्टीच्या टोकाशी असलेले अँटेना रेडिओ लहरींच्या दोन अदृश्य वाटा आखतात. एक सांगते की तुम्ही मध्यरेषेच्या डावीकडे आहात की उजवीकडे, दुसरी सांगते की उतरता कोन, बहुतेक ठिकाणी सुमारे ३ अंशांचा, बरोबर आहे की नाही. शेजारच्या दोन धावपट्ट्यांच्या आयएलएसच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतात. २८ उजवीची फ्रिक्वेन्सी लावून तुम्ही टॅक्सीवेकडे निघालात तर समोरच्या पडद्यावरचा काटा बाजूला सरकून राहतो. त्याला धुकं, झोप, काळोख यांतलं काहीच बाधत नाही.

पण हवा स्वच्छ असली की पुष्कळदा वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरतात. यात गैर काही नाही. त्याने रहदारी पटापट सरकते आणि बहुतेक वेळा सगळं सुरळीत होतं. अशा वेळी आयएलएस पाठीशी लावून ठेवायचं, एवढीच सावधगिरी घ्यायची असते. त्या रात्री नेमकं तेच राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोत उतरण्याची जी पद्धत ते वापरत होते तिच्यात विमानाचा संगणक एका ठरावीक बिंदूपर्यंत नेतो, पुढचं अंतर वैमानिकाने नजरेने काटायचं असतं. आयएलएसची फ्रिक्वेन्सी एरवी संगणक स्वतः लावतो. या पद्धतीत मात्र ती हाताने लावावी लागत होती, आणि त्या कंपनीच्या त्या विमानांच्या यादीत असं करावं लागणारी ही एकमेव पद्धत होती. शेकडो वेळा आपोआप होणारी गोष्ट एकदा हाताने करायची असेल तर ती विसरली जाते. ती विसरली गेली.

तीन पट्ट्या, दोन प्रकाशलेल्या

त्या रात्री २८ डावी धावपट्टी कामासाठी बंद होती. रात्री ११ वाजता ती बंद झाली, तिचे दिवे मालवले गेले आणि तिच्या टोकाशी बंद असल्याची खूण म्हणून लुकलुकणाऱ्या दिव्यांची मोठी फुली ठेवली गेली. हा कॅप्टन सॅन फ्रान्सिस्कोत रात्री अनेकदा उतरला होता, पण २८ डावी अंधारात असलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. डावीकडून उजवीकडे तीन लांब पट्ट्या आहेत: २८ डावी, २८ उजवी आणि त्यापलीकडे टॅक्सीवे सी. नेहमी रात्री पहिल्या दोन झगमगतात आणि वैमानिकाला ठाऊक असतं की त्यांतली उजवी आपली. आज पहिली अंधारात आहे. म्हणजे प्रकाशलेल्या पट्ट्यांत आता डावीकडे २८ उजवी आहे आणि तिच्या उजव्या हाताला टॅक्सीवे. टॅक्सीवेवर चार विमानांचे दिवे ओळीने चमकताहेत. वैमानिकाच्या डोक्यात नकाशा जुना आहे: दोन पट्ट्या, त्यांतली उजवीकडची घ्यायची. त्याने दोन प्रकाशलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि उजवीकडची घेतली.

मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. नियम त्याने पाळला, हिशेबही बरोबर केला, फक्त मोजायची सुरुवात एका पट्टीने चुकली. मानसशास्त्रात याला अपेक्षेचा पूर्वग्रह म्हणतात. मेंदू डोळ्यांकडून नुसती माहिती घेत नाही. काय दिसणार याचं चित्र तो आधीच तयार ठेवतो आणि दिसलेलं त्यात बसवतो. बसत नसेल तर चित्र बदलण्याआधी तो दिसलेल्याचाच अर्थ वाकवतो. रात्री दोरी पाहून साप वाटतो तसंच हे आहे. एकदा साप दिसला की तो हलल्यासारखाही वाटतो.

यापुढचा भाग तर ऐकतानाही अंगावर काटा येतो. कॅप्टनला शंका आली होती. पट्टीवर दिवे दिसताहेत हे त्याला खटकलं, आणि सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला विचारलं: धावपट्टीवर काही दिवे दिसताहेत, आम्हाला उतरायची परवानगी नक्की आहे ना? नियंत्रकाने खात्री करून उत्तर दिलं की हो, २८ उजवीवर तुमच्याशिवाय कोणी नाही. हे शंभर टक्के खरं होतं. २८ उजवी रिकामीच होती. पण वैमानिक 'धावपट्टी' म्हणत होता ती समोरची टॅक्सीवे, आणि नियंत्रक बोलत होता खऱ्या धावपट्टीबद्दल. दोघं एकच शब्द वापरून दोन वेगळ्या जागांविषयी बोलत होते. त्यामुळे खरं उत्तर मिळूनही चूक दुरुस्त झाली नाही, उलट पक्की झाली. प्रश्न 'आम्ही कुठल्या पट्टीच्या रेषेत आहोत, पाहून सांगा' असा असता तर कदाचित नियंत्रकाची नजर विमानाकडे गेली असती. त्या वेळी तो एकटाच नियंत्रक सगळ्या जागांचं काम पाहत होता, आणि जमिनीवरची विमानं दाखवणाऱ्या रडारला टॅक्सीवेच्या रेषेत उतरणारं विमान ओळखून इशारा देणं तेव्हा जमत नव्हतं.

याच्या उलट बाजूचा पुरावाही त्याच रात्री मिळाला. सुमारे चार मिनिटं आधी डेल्टा कंपनीचं एक विमान त्याच धावपट्टीवर उतरलं. त्या वैमानिकांचाही क्षणभर गोंधळ झाला होता. बंद धावपट्टीवरच्या कामाचे दिवे इतके प्रखर होते की समोर काय आहे ते नीट कळेना. पण २८ डावी बंद आहे हे त्यांच्या ध्यानात होतं, आणि पडद्यावर २८ उजवीच्या मध्यरेषेचं मार्गदर्शन चालू होतं. त्यावरून त्यांनी खात्री केली आणि ते बरोबर जागी उतरले. रात्र तीच, विमानतळ तोच. फरक पडला तो डोळ्यांखेरीज एक दुसरा साक्षीदार हाताशी होता यामुळे.

सत्तावीस पानं आणि एकोणीस तास

धावपट्टी बंद असल्याची सूचना एअर कॅनडाच्या वैमानिकांना मिळाली नव्हती का? मिळाली होती. उड्डाणाआधी वैमानिकांना नोटम नावाच्या सूचनांचा गठ्ठा मिळतो. कुठला दिवा बंद आहे, कुठे क्रेन उभी आहे, कुठली धावपट्टी बंद आहे, सगळं त्यात असतं. त्या रात्रीच्या २७ पानांच्या कागदपत्रांत ही सूचना आठव्या पानावर होती. महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकाच मापाच्या अक्षरांत, एकाच ओळीने लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१८मध्ये दिलेल्या अहवालात या चुकीमागचं कारण म्हणून या सूचनांचं नीट न झालेलं वाचन ठेवलं, पण त्याच जोडीला अशा सूचना लिहिण्याची पद्धतच सुधारा असंही बजावलं. मला हा दुसरा भाग जास्त न्याय्य वाटतो. माणसाला २७ पानं द्यायची आणि आठव्या पानावरची ओळ विसरल्याबद्दल फक्त त्याला धरायचं, याने पुढचा अपघात टळत नाही.

आणि थकवा. कॅप्टन त्या क्षणी १९ तासांहून अधिक काळ जागा होता, सहवैमानिक १२ तासांहून अधिक. घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोचं मध्यरात्र दाखवत असलं तरी त्यांच्या टोरांटोच्या शरीराला पहाटेचे तीन वाजले होते. तेव्हाच्या कॅनडाच्या नियमांत हे बसत होतं. ते नियम नंतर कडक झाले. थकलेला मेंदू झोपतोच असं नाही. तो आधीच्या चित्राला घट्ट धरून बसतो, आणि नवी माहिती त्यात शिरायला वेळ लागतो.

अटलांटात १९ ऑक्टोबर २००९ रोजी हेच दिसलं होतं. रिओहून रात्रभर उडून आलेलं डेल्टाचं बोइंग ७६७ पहाटे सहाच्या सुमारास, अंधारातच, २७ उजवीऐवजी तिच्या शेजारच्या टॅक्सीवेवर चक्क उतरलं. वैमानिक तीन होते, पण त्यातला एक वाटेत आजारी पडला होता. उतरता उतरता धावपट्टी बदलून मिळाली आणि त्यांनी ती घेतली. नव्या धावपट्टीचे अलीकडचे मार्गदर्शक दिवे आणि रेडिओची रेषा दोन्ही बंद होतं. टॅक्सीवेवर मात्र जुन्या बल्बांत नवे एलईडी मिसळले होते, आणि त्यामुळे ती वेगळीच उजळून दिसत होती. सुदैवाने टॅक्सीवे रिकामी होती.

सुदैव दर वेळी नसतं. ३१ ऑक्टोबर १९७९च्या पहाटे मेक्सिको सिटीत वेस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-१० धुक्यातून उतरलं ते दुरुस्तीसाठी बंद असलेल्या २३ डावीवर. रेडिओची रेषा होती डाव्या पट्टीची. तिच्यावरून खाली यायचं आणि शेवटी उजवीकडे सरकून २३ उजवीवर टेकायचं, अशी पद्धत होती. विमान सरकलं नाही आणि पट्टीवर उभ्या ट्रकला धडकलं. विमानातले ७२ आणि जमिनीवरचा १ असे ७३ जण गेले. म्हणजे यंत्राचा साक्षीदारसुद्धा चुकीच्या पट्टीची साक्ष देत असेल तर उपयोगाचा नाही. उड्डाण करतानाही हा गोंधळ होतो. २००६मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कॉमएअरचं विमान ७ हजार फुटांच्या धावपट्टीऐवजी साडेतीन हजार फुटांच्या धावपट्टीवर वळलं, जमिनीवरून नीट उठू शकलं नाही, आणि ५० पैकी ४९ जणांचा जीव गेला.

मग बदललं काय

सॅन फ्रान्सिस्कोत आता शेजारची धावपट्टी रात्री बंद असेल तर नुसत्या नजरेने उतरू देत नाहीत. यंत्राच्या मार्गदर्शनावरच उतरावं लागतं. मोठ्या विमानतळांच्या जमिनीवरच्या रडारला नवी समज दिली गेली: उतरणारं विमान टॅक्सीवेच्या रेषेत येतंय असं दिसलं की नियंत्रकाला इशारा मिळतो. याची सुरुवात सिॲटलपासून झाली, आणि ते साहजिक होतं, कारण तिथल्या टँगो नावाच्या टॅक्सीवेवर विमानं एकाहून अधिक वेळा उतरली आहेत. विमानातही अशी उपकरणं बसवता येतात जी उंची कमी झाल्यावर खाली टॅक्सीवे असल्याचं मोठ्याने बोलून सांगतात. ती सगळ्या विमानांत नाहीत, आणि असायला हवीत असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र कायमची हरवली. त्या ए३२०मधला आवाज नोंदवणारा रेकॉर्डर फक्त शेवटचे दोन तास साठवत होता. घटनेचं गांभीर्य कंपनीतल्या वरिष्ठांपर्यंत पोचेपर्यंत विमान पुढच्या फेरीवर निघून गेलं आणि जुनी नोंद पुसली गेली. त्या शेवटच्या मिनिटांत दोघं एकमेकांशी काय बोलले हे कोणाला ऐकता आलं नाही. २५ तासांची नोंद ठेवणारे रेकॉर्डर हवेत या मागणीला या घटनेने बळ मिळालं, आणि अमेरिकेत २०२४च्या कायद्याने ते आता बंधनकारक केलं आहे.

राहिलं ते शेवटच्या क्षणाचं. नियंत्रकाने वर जा असा आदेश दिला खरा, पण विमानाच्या हालचालींच्या वेगळ्या नोंदीवरून दिसतं की त्याआधीच वैमानिकांनी इंजिनांना जोर दिलेला होता. काहीतरी बरोबर दिसत नाही एवढंच त्यांना कळलं होतं. काय चुकलंय ते कळलं नव्हतं. उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात, आणि त्यासाठी कारण माहीत असावं लागत नाही. शंका पुरेशी असते. विमान धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन अचानक गर्जना करत वर जाऊ लागलं की प्रवाशांच्या पोटात गोळा येतो, ते समजण्यासारखं आहे. पण अशा वेळी कॉकपिटमध्ये बहुधा कोणाला तरी एक गोष्ट खटकलेली असते आणि त्याने ती खटकलेली गोष्ट बाजूला सारलेली नसते.